भाजल्याची तारीख

घरपोच येणाऱ्या कॉफीच्या बियांच्या पाकिटावर वाचायला बरंच असतं. मळ्याचं नाव, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, फळ धुऊन वाळवलं की तसंच उन्हात पसरलं, आणि चवीच्या रकान्यात अंजीर, गूळ, संत्र्याची साल अशी एखादी यादी. घाईत असाल तर यातलं बहुतेक सोडून दिलं तरी चालतं. एक ओळ मात्र सोडू नये. ती बऱ्याचदा छापलेलीही नसते, नंतर शिक्क्याने उमटवलेली असते: बिया कोणत्या दिवशी भाजल्या, ती तारीख. वाण्याकडच्या पाकिटावर पॅकिंगचा महिना असतो, किती महिन्यांत वापरावी हेही असतं. भाजल्याचा दिवस सहसा नसतो. ऑर्डर आली की भाजायचं आणि एक-दोन दिवसांत कुरिअरने रवाना करायचं, हा गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे रुजलेला धंदा सगळा त्या एका ओळीवर उभा आहे.

कॉफी नाशवंत असते हे आपल्या गावीच नसतं, कारण इन्स्टंटच्या बाटलीने आपल्याला तशी सवय लावली आहे. कच्ची, हिरवट-राखाडी बी ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणून गोणीत भरली, की वर्षभर टिकते. भाजली की तिचं आयुष्य आठवड्यांवर येतं आणि दळली की तासांवर. भाजताना बीमध्ये शेकडो सुगंधी संयुगं तयार होतात. त्यांतली पुष्कळशी उडून जाणारी असतात, आणि बीमधलं तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू खवट होत जातं. दळल्यावर हवेला उघडा पडणारा भाग कैक पटींनी वाढतो. कॉफी दळताना घरभर जो दरवळ सुटतो, तो कपात उतरायचा राहिलेला माल असतो. तेव्हा हिशेब सोपा आहे: साठवायची ती कच्ची, पाठवायची ती भाजून, आणि दळायची ती पाणी तापत ठेवल्यावर. सोपा असूनही तो बाजाराला कित्येक वर्षं परवडला नाही, कारण साखळी दुकानांच्या मांडणीवर सहा-सहा महिने बसून राहील असा माल सगळ्यांना हवा असतो.

भट्टीपाशी उभं राहिलं की हा हिशेब डोळ्यांदेखत उलगडतो. भट्टी म्हणजे आडवं लोखंडी पिंप, खाली गॅसचा जाळ, वर बिया ओतायचं नरसाळं, पुढे काचेची छोटी खिडकी आणि खाली बिया गार करायची भोकाभोकांची मोठी परात. या यंत्राची मूळ कल्पना दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने १८६४ साली, भाजून झालेल्या बिया आपणहून बाहेर टाकणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या एमेरिखमधली प्रोबाट ही कंपनी १८६८ मध्ये निघाली आणि तिच्या भट्ट्या आजही जगभर चालतात. अलीकडे त्यांना तापमानाचे काटे आणि शेजारी लॅपटॉप जोडलेला असतो, एवढंच. पडद्यावर एक रेघ चढत जाते आणि भाजणारा तिच्याकडे बघत असल्यासारखा दिसतो. खरं लक्ष त्याचं कानाकडे असतं.

दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पिंपात गार बिया पडल्या, की काटा झरकन खाली येतो, थबकतो आणि पुन्हा चढू लागतो. पहिली काही मिनिटं फक्त पाणी उडतं. वास ओल्या गवताचा असतो. मग बी पिवळी पडते आणि पाव शेकल्यासारखा वास येतो. पुढे ती तपकिरी व्हायला लागली की भाजणारा पुढच्या भोकातून लांब दांड्याचा पळीसारखा नमुनादांडा ओढून दोन-चार बिया नाकाशी नेतो, परत आत ढकलतो. हे तो दर पाच-दहा सेकंदांनी करत राहतो. बीचं तापमान एकशे पंच्याण्णव-दोनशेच्या सुमारास पोहोचलं की आतून तडतड ऐकू येते. कुटासाठी शेंगदाणे भाजताना कढईत जशी तडतड सुरू होते आणि सालं सुटून उडायला लागतात, तसंच नेमकं इथेही होतं. बीच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू बाहेर पडायला वाट करतात, बी फुगते, तिच्यावरची पातळ फोलपटं सुटून धुराड्याच्या वाटेने जातात. याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. कॉफी इथून पुढे पिण्याजोगी होते, आणि सगळं कसबही इथून पुढेच असतं. तडतड सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांत बाहेर काढली तर फळाचा आंबटपणा, मळ्याची स्वतःची चव राहते. आणखी दोन-तीन मिनिटं गेली तर दुसरी, बारीक तडतड सुरू होते, बीवर तेल सुटतं, आणि मग कपात मळ्यापेक्षा भट्टीच जास्त बोलते. काढल्यावरही उष्णतेने बी आतल्या आत भाजत राहते, म्हणून परातीतले फिरते हात आणि खालचा पंखा यांनी तिला तीन-चार मिनिटांत गार करावं लागतं. दहा किलो कच्ची ओतली तर हाती साडेआठ किलोच्या आसपास येते. बाकी पाणी, धूर आणि फोलपटं.

फार काळी भाजलेली बी एकसारखी लागते. मग ती कुठलीही असो. मोठ्या व्यापाराला ते सोयीचं असतं, कारण यंदाचा माल आणि गेल्या वर्षीचा माल, हा डोंगर आणि तो डोंगर यांतला फरक त्यात बुडून जातो. उलट हल्लीच्या काही हौशी दुकानांत फिकट भाजण्याचं इतकं वेड आहे, की कपात लिंबू पिळल्याची शंका यावी. दोन्हीकडे अतिरेक आहे. पण फिकट भाजणीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे: तिच्यात खराब बी लपवता येत नाही.

ताज्या भाजलेल्या बिया लगेच पाकिटबंद कराव्यात, तर पाकीट फुगून फुटतं. भाजताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बीमध्ये अडकलेला असतो आणि पुढचे कित्येक दिवस झिरपत राहतो. किलोमागे तो काही लिटर भरतो. पूर्वी म्हणून कॉफी आधी उघडी ठेवून ‘शांत’ करत आणि मगच भरत, म्हणजे शिळी करूनच विकत. त्यातून वाट काढली लुइजी गोल्यो या इटालियन कारखानदाराने, १९६०च्या दशकात. पाकिटाच्या वरच्या भागात बारीक छिद्रांची जी गोल टिकली दिसते, ती त्याची एकमार्गी झडप. आतला वायू दाबाने बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बरेच जण पाकीट दाबून त्या टिकलीशी नाक नेतात. दुकानदार त्याला हसत नाहीत, तेही तेच करतात. ही झडप नसती तर भाजलेल्या बिया कुरिअरने दूर पाठवणं जमलंच नसतं. गंमत म्हणजे प्रवासाचे दोन-तीन दिवस फुकट जात नाहीत. अगदी कालच भाजलेली कॉफी वायूमुळे नीट उतरत नाही, गरम पाणी पडताच फसफसून वर येते आणि पाणी तिच्यात मुरत नाही. भाजल्यापासून चार-पाच दिवसांनी ती उघडावी, एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबावं, आणि महिन्याभरात संपवावी. म्हणजे ताजी याचा अर्थ आजची असा नाही.

आता मळ्याच्या नावाकडे येऊ, कारण ते पाकिटावर छापता येणं ही आपल्या देशात फार जुनी गोष्ट नाही.

बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही सतराव्या शतकातली कथा प्रत्येक कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर लिहिलेली असते, तेव्हा ती इथे पुन्हा नको. त्यापेक्षा १९४२ सालचं महत्त्व जास्त आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पाडली, मळेवाले बुडायला आले, आणि सरकारने कॉफी कायदा करून सगळा व्यवहार कॉफी बोर्डाकडे घेतला. मळेवाल्याने घरच्यापुरती आणि बियाण्यापुरती ठेवून बाकी सगळी कॉफी बोर्डाच्या ‘पूल’मध्ये जमा करायची, बोर्ड ती प्रतवारीने एकत्र करणार, लिलावात विकणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने देणार. त्या संकटात हे बरोबरच होतं. पण संकट संपल्यावरही व्यवस्था पन्नास वर्षं तशीच राहिली. तुम्ही कितीही निगुतीने फळं वेचा, तुमची गोणी शेजाऱ्याच्या गोणीत ओतली जाणार. उरायची ती फक्त प्रत: धुतलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’, न धुता वाळवलेलीला ‘चेरी’, धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’, आणि पुढे चाळणीच्या मापाने ए, बी, सी. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरली तर ती ‘पीबेरी’. आपल्या कॉफीची भाषा त्यामुळे जागेची न होता आकाराची झाली. १९८९ मध्ये जागतिक कॉफी करारातली कोटा पद्धत कोसळली, सोव्हिएत संघासारखं मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने बंधनं सैल होत १९९६ मध्ये मळेवाल्याला आपली सगळी कॉफी हव्या त्या गिऱ्हाइकाला विकायची मुभा मिळाली. पाकिटावर ‘अट्टीकन’ किंवा ‘रत्नागिरी इस्टेट’ असं वाचायला मिळतं ते त्यानंतर. (हे रत्नागिरी कोकणातलं नव्हे, बाबा बुदनगिरीच्या डोंगरातलं. हापूसच्या आशेने कोणी मागवू नये.)

झाडाच्या जातीची ओळही अशीच निरर्थक दिसते आणि नसते. ‘सिलेक्शन ७९५’ किंवा ‘सिलेक्शन ९’ ही नावं चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून आली आहेत. ते केंद्र १९२५ पासून चालू आहे. १८६९ नंतर तांबेरा रोगाने श्रीलंकेतली कॉफी साफ झाली आणि तिथे चहा आला. तेच इथे होऊ नये म्हणून या जाती निवडल्या गेल्या. ७९५ तर १९४०च्या दशकापासून मळ्यांत आहे आणि आजही भारतीय अरेबिकाचा मोठा भाग तोच आहे. चवीला तो संयमी, पोटभर, मसालेदार. इथिओपियाच्या फुलाफुलांच्या वासाची अपेक्षा ठेवून तो घेतला तर निराशा होते, आणि दोष बिचाऱ्या झाडावर येतो.

घरपोच ताजी कॉफी ही कल्पना मात्र इंटरनेटने काढलेली नाही. माटुंग्याच्या बाजारात म्हैसूर कन्सर्न्स, फिलिप्स अशी दुकानं कितीतरी वर्षं तेच करत आली. काउंटरवर उभं राहून ‘पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्मी-निम्मी, चिकोरी नको’ असं सांगायचं. समोर दळून, गरमगरम कागदी पिशवीत मिळायचं. ठरलेल्या घरांचं मिश्रण दुकानदाराच्या डोक्यात असायचं. तमिळ आणि कन्नड घरांनी वसवलेल्या त्या गल्ल्यांपलीकडे, दादर-गिरगावच्या मराठी घरांत हे फारसं पोहोचलं नाही. आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळ-वेलची घालून दुधात उकळलेलं, पाहुणचाराचं किंवा जागरणाचं पेय राहिलं. १९३६ साली कॉफी हाउस चर्चगेटला उघडलं, तेही आपल्याला कॉफीपेक्षा गप्पांसाठी आठवतं.

नव्या लोकांनी केलं ते इतकंच, की माटुंग्याच्या त्या काउंटरला पिनकोड जोडला. दिल्लीत २०१३ साली मॅट चित्तरंजन आणि नम्रता अस्थाना यांनी ब्लू टोकाई काढली, ती आधी ऑनलाइन विक्रीवरच चालली. कॅफे नंतर आले. मळ्याचं नाव, भाजल्याची तारीख आणि दळणीचा पर्याय, या तीन गोष्टी त्यांनी आपल्या गिऱ्हाइकाला सवयीच्या करून दिल्या. मग ठिकठिकाणी भट्ट्या पेटल्या. मुंबईत कोइनोनिया आणि सुबको आहेत, आणि नागपुरात कॉरिडॉर सेव्हन आहे. संत्र्याच्या आणि तर्रीच्या गावातून देशभर कॉफी जाते याचं नवल वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथून चार-साडेचार तासांवर चिखलदऱ्याला महाराष्ट्रातली कॉफीची झाडं आहेत. बहुतेक भट्ट्या रोज सगळं भाजत नाहीत. आठवड्यातले ठरावीक वार असतात; त्याआधी आलेल्या ऑर्डरी मोजून तेवढाच घाणा घालायचा. शिल्लक उरली तर ती कॅफेत वापरायची. गोदामात भाजलेला माल साठणं हे या धंद्यात अपयश मानतात.

ऑर्डर देताना शेवटचा प्रश्न येतो: अख्ख्या बिया की दळून? आणि दळून हवी तर कशासाठी? फ्रेंच प्रेस, मोका पॉट, एरोप्रेस, साउथ इंडियन फिल्टर. इथे पुष्कळसे लोक दळूनच मागवतात, आणि तारखेचा सगळा खटाटोप कुरिअरच्या गाडीतच संपतो. हाताने फिरवायची बरी चक्की दोन-तीन हजारांत येते. पाचशे रुपयांची कॉफी दर पंधरवड्याला मागवणाऱ्याने आधी ती घ्यावी, नाहीतर माटुंग्याची पिशवी त्याच्यासाठी जास्त शहाणपणाची. मिक्सरमध्ये दळू नये. काही दाणे पीठ होतात, काही रवाळ राहतात. पिठातून कडवटपणा येतो आणि रव्यातून काहीच येत नाही. फ्रिजमध्येही ठेवू नये. कॉफी लसणाच्या चटणीचा वास पटकन धरते, आणि डबा आत-बाहेर करताना बियांवर दव धरतं. घट्ट झाकणाचा डबा, ओट्यापासून लांब, अंधारात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाव किलोहून मोठं पाकीट घेण्यात अर्थ नाही.

पाव किलो हल्ली पाचशे ते सातशेच्या घरात पडतं. कपाला पंधरा ग्रॅम धरले तर सोळा कप, म्हणजे कपामागे तीस ते पंचेचाळीस रुपये. कॅफेतल्या अडीचशेच्या कपापुढे स्वस्त, घरच्या चहापुढे चैन. २०२५च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलर ओलांडले, तेव्हापासून दर चढेच वाटतात. पण पाकिटावर नाव कोणाचं येतं हेही बघण्यासारखं आहे. भारतातले बहुसंख्य कॉफीवाले शेतकरी दहा हेक्टरांहून कमी जमिनीचे आहेत. ज्याच्याकडे फळ सोलायचं यंत्र, पाण्याची सोय आणि वाळवायचे ओटे आहेत, तोच आपली कॉफी वेगळी ठेवू शकतो. बाकीचे बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला न्यूयॉर्क-लंडनच्या भावाने विकून मोकळे होतात आणि त्यांची गोणी पुन्हा दुसऱ्याच्या गोणीत जाते. पूल गेला, पण लहान शेतकऱ्यासाठी निनावीपण गेलं नाही. आंध्रातल्या अरकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी नाव घेऊन पॅरिसपर्यंत गेली, २०१७ मध्ये तिथे दुकानही निघालं. ते सहकारी बांधणीमुळे जमलं. असं आणखी व्हायला हवं, आणि ते भट्टीवाल्यांच्या हातात थोडं आहे, आपल्या हातात त्याहून थोडं.

शेवटी एका अशा कॉफीविषयी, जिचं मोठेपण प्रवासात मुरण्यातून आलं. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारहून निघालेल्या गोण्या आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने दमट तळघरात पडून असत. युरोपात पोचेपर्यंत बिया फुगून फिकट सोनेरी व्हायच्या, आंबटपणा जायचा, आणि तिथल्या लोकांना तीच चव आवडू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला, आणि कॉफी हिरवीच पोचायला लागली. गिऱ्हाइकांची तक्रार आली. तेव्हा मंगळुरूच्या किनाऱ्यावर तीच दमट हवा मुद्दाम खिलवायची रीत निघाली. जूनमध्ये मोसमी वारा आला की बाजूने मोकळ्या गोदामात कच्च्या बिया काही इंच जाडीच्या थरात पसरतात, दाताळ्याने चाळवतात, मग सैल गोण्यांत भरून वारा मधून खेळेल अशा रांगा लावतात आणि अधूनमधून गोण्या ओतून पुन्हा भरतात. तीन-साडेतीन महिने हे चालतं. अ‍ॅस्पिनवॉलसारख्या कंपन्या हे पिढ्यान्‌पिढ्या करत आहेत, आणि मॉन्सून्ड मलबारला भौगोलिक मानांकनही आहे. भाजताना ही बी अवघड: आतून पोकळ झालेली, उष्णता वेगळी घेते, तडतड हळू आवाजात होते, कान देऊनच ऐकावी लागते.

आंबटपणा नाही, अंग भरपूर, मातकट-मसाल्याचा वास. काळी पिणाऱ्या हौशी मंडळींना ती जरा बोजड वाटते. पण दूध घालणाऱ्याने फिकट भाजणीची महाग कॉफी मागवू नये. दुधात तिची फुलं-फळं दिसत नाहीत, नुसता आंबूस पाणचटपणा राहतो. दूध, साखर आणि वर जायफळ किसायचं असेल, तर मध्यम-गडद भाजलेली मॉन्सून्ड मलबार किंवा पीबेरी घ्यावी, फिल्टरच्या मापाने दळावी, डिकॉक्शन घट्ट काढावं आणि दूध वेगळं तापवून मग मिसळावं. जायफळ किसणीवर दोनदाच घासायचं, तेही गॅस बंद केल्यावर.